थैलीत काय विकलं जातं

ज्येष्ठात रुक्मिणीची पालखी कौंडण्यपूर सोडून पंढरपूरच्या वाटेला लागते आणि वर्धेच्या काठचा कास्तकार बियाण्याच्या हिशोबाला बसतो. कुऱ्हा, तिवसा किंवा नदीपलीकडचं आर्वी, जिथलं कृषी केंद्र सोयीचं आणि जिथे उधारी चालते, तिथे तो जातो. २०२५च्या खरिपासाठी केंद्र सरकारने बीजी-२ कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या थैलीला ९०१ रुपये ही कमाल किंमत ठरवून दिली. किलोचा भाव काढला तर जवळपास १,९०० रुपये. याच कास्तकाराचा कापूस हिवाळ्यात जिनिंगमध्ये जातो, तिथे रुई एकीकडे पडते आणि सरकी दुसरीकडे. ती सरकी तेलाच्या गिरणीला किलोमागे तीस-चाळीस रुपयांच्या घरात विकली जाते. दोन्ही सरकीच, दोन्ही पऱ्हाटीच्याच बोंडातून निघालेल्या. थैलीतली तंतू काढून गुळगुळीत केलेली असते आणि तिच्यावर औषधाचा रंग चढलेला असतो, डोळ्यांना दिसणारा फरक एवढाच.

मग पन्नास पट किंमत कशाची? थोडी मेहनतीची: नर-मादी वाण वेगळे सांभाळणं, हाताने संकर घडवणं, उगवण तपासणं, पॅकिंग, विक्रेत्याचं कमिशन. पण मेहनतीने एवढी दरी भरत नाही. उरलेला पैसा आपण ज्ञानाचा देतो, आणि ते ज्ञान पैसे मोजल्याशिवाय कुणाला मिळू नये यासाठी केलेल्या बंदोबस्ताचाही देतो. ज्ञानाधारित अर्थव्यवस्था म्हटलं की आपल्याला हिंजवडीच्या काचेच्या इमारती आठवतात. ती अर्थव्यवस्था वऱ्हाडातल्या प्रत्येक गावात दर जून महिन्यात थैलीतून येते, हे आपल्या लक्षात येत नाही इतकंच.

ज्ञान हा विचित्र माल आहे. बैल विकला की गोठा रिकामा होतो. युक्ती सांगितली तरी सांगणाऱ्याकडे ती राहतेच, आणि एकदा गावात पसरली की परत बोलावता येत नाही. म्हणून नवं काही शोधणाऱ्यापुढे पहिल्याच दिवशी दोन प्रश्न उभे राहतात: कुंपण कुठे घालायचं आणि फाटक कुठे ठेवायचं. कुंपण नसेल तर दुसराच कुणीतरी पीक नेतो. फाटक नसेल तर पीक शेतातच सडतं. नवनिर्मितीचं व्यवस्थापन म्हणून व्यवसायशाळांत जे शिकवतात त्यातला बराचसा भाग या दोन प्रश्नांभोवती फिरतो, आणि त्याची उदाहरणं देताना बहुतेक पुस्तकं कॅलिफोर्नियाला जातात. आपण अकोला-अमरावतीतच राहू. जिथे गरज पडेल तिथे जालना, चंद्रपूर.

एकदाच मात्र इंग्लंडला जाऊन येऊ, कारण ते उदाहरण पुढे उपयोगी पडेल. शरीराच्या आतलं चित्र काप-काप करून दाखवणारं सीटी स्कॅन यंत्र इएमआय या कंपनीत जन्माला आलं. गाण्यांच्या तबकड्या विकणारी ही कंपनी. गॉडफ्रे हाउन्सफील्ड या तिच्या अभियंत्याला त्यासाठी १९७९ मध्ये नोबेल मिळालं. पण यंत्र बाजारात आल्यावर थोड्याच वर्षांत कंपनी त्या धंद्यातून बाहेर पडली आणि बाजार जनरल इलेक्ट्रिकसारख्यांच्या हाती गेला. त्यांच्याकडे रुग्णालयांशी जुने संबंध होते, यंत्र विकणारी आणि बिघडलं की दुरुस्त करणारी माणसं होती. डेव्हिड टीस या अर्थशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये यावर एक गाजलेला निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शोधाची नक्कल सहज होत असेल, तर नफा शोधकाला मिळत नाही, शोध लोकांपर्यंत पोचवायची साधनं ज्याच्याकडे असतील त्याला मिळतो.

गिऱ्हाईक कोण?

कुंपणाच्याही आधी एक प्रश्न येतो, तो वऱ्हाडाने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सोडवून दाखवला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६०च्या दशकात, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर पडली. रेल्वे आली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला येऊन तिथल्या फाट्याचं उद्घाटन करून गेला. वर्धा खोऱ्यातला बनी हा लांब, मऊ धाग्याचा कापूस हिंगणघाटच्या नावाने नावाजलेला होता, आणि साहेबाला तोच हवा होता. कास्तकार मात्र हळूहळू जरीकडे वळला. जरीचा धागा आखूड आणि जाडाभरडा, पण झाडाला बोंडं जास्त आणि रुईचा उतारा चांगला. अधिकाऱ्यांनी हे अज्ञान मानलं, भेसळ मानली, कायदे केले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कृषी खात्यानेच शेवटी पडती बाजू घेतली. जरीच्या मिसळीतून निवडून काढलेला रोझियम हा आखूड धाग्याचा वाण खातं स्वतःच वाटू लागलं. हिशोब उघड होता. लांब धाग्याला मिळणारा चढा भाव कमी उत्पन्नाची भरपाई करत नव्हता, आणि आखूड धागा घ्यायला जपानी गिरण्या तयार होत्या. मला हा प्रसंग खात्याच्या शहाणपणाचा वाटतो. नवा वाण कोणाची अडचण दूर करतो, हे कळायला त्यांना वेळ लागला, पण कळल्यावर मान खाली घालून त्यांनी दिशा बदलली. आजही अनेक संशोधन संस्थांना हे जमत नाही.

जालन्याचं गणित

बद्रीनारायण बारवाले यांनी १९५९ साली दिल्लीतल्या जागतिक कृषी प्रदर्शनात पुसा सावनी ही भेंडी पाहिली. केवडा रोगाला दाद न देणारी ही जात दिल्लीच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेने तयार केली होती. बारवाल्यांनी बियाणं जालन्याला आणलं, वाढवलं, विकलं आणि १९६४ मध्ये महिको सुरू केली. शोध सरकारचा होता, सर्वांना खुला होता. बारवाल्यांनी त्याभोवतीचं सगळं उभं केलं: बियाणं पिकवून देणारे करारातले शेतकरी, शुद्धता तपासणारी प्रयोगशाळा, गावोगावचे विक्रेते आणि पिशवीवरच्या नावाचा भरवसा. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. टीसच्या निबंधाला भारतातून याहून चांगलं उदाहरण शोधायला कष्ट पडतील.

मधल्या काळात कपाशीत एक मोठी गोष्ट घडली होती. सुरतेला डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये एच-४ हा संकरित कापूस दिला. व्यापारी लागवडीसाठीचा जगातला हा पहिला संकरित कापूस. त्याचं बियाणं बनवणं म्हणजे हाताचं काम. दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर संध्याकाळी अलगद काढायचे आणि सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग तिच्यावर चोळायचा, एकेका फुलाला, रांगेने, महिना-दीड महिना. हे काम बहुतांशी बाया आणि मुली करत आल्या. अमेरिकेत मजुरीमुळे हे परवडत नाही म्हणून तिथे सरळ वाण पेरतात, आणि आपण संकरित.

या फरकात धंद्याची गुरुकिल्ली होती. संकरित झाडाची सरकी घरी राखून पुढच्या वर्षी पेरली, तर पीक एकसारखं येत नाही. म्हणजे कास्तकाराला दरवर्षी दुकानात यावंच लागतं. वकील नको, पेटंट नको. निसर्गानेच घातलेलं कुंपण.

अमेरिकेच्या मोन्सॅन्टो कंपनीने १९९८ मध्ये महिकोत २६ टक्के भाग घेतला आणि दोघांनी मिळून महिको-मोन्सॅन्टो बायोटेक काढली. बोंडअळीला मारणारं, मातीतल्या जिवाणूकडून घेतलेलं बीटी जनुक त्यांनी सरळ वाणात न घालता संकरितात घातलं. २६ मार्च २००२ रोजी मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ या तीन वाणांना मंजुरी मिळाली. लक्षात घेण्यासारखं म्हणजे या पहिल्या पिढीच्या जनुकावर भारतात पेटंटच नव्हतं. कुंपण होतं संकराचं आणि सरकारी मंजुरीचं: मंजुरीची कागदपत्रं ज्याच्याकडे, जनुक त्याचं.

फाटकाची रचना त्याहून चतुर होती. बियाणं एकट्याने विकायचा हट्ट त्यांनी धरला नाही. रासी, नुझिवीडू आणि पुढे डझनावारी प्रतिस्पर्धी कंपन्यांना जनुक भाड्याने दिलं. वाण तुमचा, विक्रेते तुमचे, प्रत्येक थैलीमागे फी आमची. दहा-बारा वर्षांत देशातल्या कपाशीच्या नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर बीटी पोचली. एकट्या कंपनीला हे साधलं नसतं. ज्यांच्याशी लढायचं तेच आपले विक्रेते झाले तर लढाईच उरत नाही.

मग बिघडलं कुठे? फीच्या आकड्यापाशी. ४५० ग्रॅमची थैली १,६०० रुपयांच्या वर गेली आणि त्यातला मोठा वाटा जनुकाच्या फीचा होता. आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेलं आणि २००६ मध्ये थैली ७५० वर आली. पुढे केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये कपाशी बियाण्याच्या किमतींवर नियंत्रणाचा आदेशच काढला. जनुकाची फी २०१६ मध्ये ४९ रुपये, २०१८ मध्ये ३९, २०१९ मध्ये २० आणि २०२० मध्ये शून्य. दरम्यान बीजी-२ या पुढच्या पिढीच्या बीटीच्या पेटंटवर मोन्सॅन्टोचा नुझिवीडूशी दिल्ली उच्च न्यायालय ते सर्वोच्च न्यायालय असा खटला रंगला. गिऱ्हाईक कोरडवाहू शेतकरी असेल आणि त्याची मतं सरकार बनवत असतील, तर किंमत ठरवण्याच्या खोलीत एक खुर्ची सरकारची असते. कंपनीच्या योजनेत ती खुर्ची मांडलेली दिसत नाही.

दुसरी चूक लहानशा पाकिटाची. थैलीसोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं वेगळं मिळायचं. ते शेताच्या कडेने पेरायचं, म्हणजे तिथे साध्या अळ्या वाढतील, विष पचवलेल्या अळ्यांशी त्यांची गाठ पडेल आणि प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागेल. विज्ञान पक्कं होतं. पण अळीला खाऊ घालण्यासाठी कडेच्या ओळी सोडायच्या, हे पाच एकरवाल्याला पटणार कसं? बहुतेकांनी पाकीट फेकून दिलं. गुजरातेत गुलाबी बोंडअळीने आधी पहिल्या पिढीला आणि नंतर बीजी-२ ला दाद देणं सोडलं, आणि २०१७च्या हंगामात विदर्भातली बोंडं आतून पोखरली गेली. फवारण्या परत आल्या. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. आता बिगर-बीटी बियाणं थैलीतच मिसळून देतात, म्हणून वजन ४७५ ग्रॅम. वापरणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली गोष्ट रचनेतच बसवायला इतकी वर्षं का लागावीत, याचं उत्तर बियाण्याच्या कोणत्याही कंपनीने अवश्य शोधावं.

उघड्या फाटकाचं विद्यापीठ

आता अकोल्याला येऊ. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ चं. महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ, म्हणजे महाबीज, १९७६ चं, मुख्यालय अकोल्यातच. शोधणारा आणि विकणारा एकाच गावात, असं भाग्य फार कमी संस्थांना लाभतं. विद्यापीठाचा पीकेव्ही हायब्रीड-२ आणि नांदेडचा एनएचएच-४४ हे दोन संकरित वाण कोरडवाहू महाराष्ट्रात वर्षानुवर्षं चालले. दुकानदाराला समजावून सांगावं लागत नसे, लोक नाव घेऊन मागायचे.

२००२ नंतर हे वाण बघता बघता दुकानातून गेले. वाण वाईट झाले नव्हते, त्यांत बीटी नव्हतं. जनुक भाड्याने घेऊन ते या वाणांत घालायचं, एवढंच करायचं होतं. खाजगी कंपन्यांनी ते दोन-चार वर्षांत केलं. या वाणांचं बीटी रूप बाजारात यायला दशकाहून अधिक काळ गेला. तोवर कास्तकाराच्या जिभेवर दुसरी नावं बसली होती. शास्त्रज्ञ कमी हुशार होते असं कुणी म्हणणार नाही. करार कोणी करायचा, सही कोणाची, फी कुठल्या खात्यातून, याची उत्तरं फायलीत फिरत राहिली. शोधाला जेवढा वेळ लागत नाही तेवढा आपल्याकडे सहीला लागतो.

सरकारी बीटीचा एक प्रयत्न झालाही. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचं विद्यापीठ यांच्या प्रयत्नांतून बिकानेरी नर्मा बीटी हा सरळ वाण आला. सरकी घरी राखता येणारा, स्वस्त. त्याला २००८ मध्ये मंजुरी मिळाली, आणि लगेच पुढे त्यात मोन्सॅन्टोच्याच जनुकाचा अंश सापडल्याने तो मागे घ्यावा लागला. बियाण्याची शुद्धता, प्रत्येक नमुन्याची नोंद, कोणती पिशवी कुठून आली याचा कागद, ही प्रयोगशाळेतली कंटाळवाणी कामं. बारवाले मोठे झाले ते याच कंटाळवाण्या कामांवर.

एचएमटी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं लहान गाव आहे. तिथे दादाजी रामाजी खोब्रागडे १९८३ साली पटेल-३ या धानाच्या बांधीतून फिरत असताना त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या तोडून वेगळ्या ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या आणि वर्षामागून वर्ष निवड करत गेले. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकराच्या आसपास. तांदूळ बारीक निघाला, शिजल्यावर मोकळा, चवीला चांगला आणि उत्पन्नही बरं. बियाणं शेजाऱ्यांनी नेलं, मग पंचक्रोशीने. बाजारात आल्यावर व्यापाऱ्यांनी त्याला त्या काळच्या मानाच्या घड्याळाचं नाव दिलं: एचएमटी. आज हा तांदूळ विदर्भाबाहेरही घरोघरी शिजतो.

१९९४ मध्ये अकोल्याच्या विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने दादाजींकडून बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी या नावाने वाण प्रसारित झाला. विद्यापीठाची बाजू अशी की त्यांनी शुद्धीकरण केलं, वाण स्थिर केला. ते काम खरंच असतं, त्याला वर्षं जातात. दादाजींचं दुःखही तितकंच खरं: नाव गेलं, आणि पैसा तर कधी आलाच नव्हता. वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा २००१ चा, म्हणजे तीन वर्षं उशिराचा. शेतकऱ्याचा वाण नोंदवता येतो, त्याच्यावरून कुणी नवा वाण काढला तर लाभात वाटा मागता येतो, या तरतुदी त्यात आहेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने दादाजींना शोधून काढलं; २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हस्ते सत्कार झाला, २०१० मध्ये फोर्ब्सने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत नाव घेतलं. ३ जून २०१८ रोजी ते गेले, हलाखीत आणि आजारपणात.

हळहळ व्यक्त करून इथे थांबणं सोपं आहे, पण हिशोब करून पाहायला हवा. दादाजींनी कुंपण घातलं नाही कारण त्यांना बियाणं विकायचंच नव्हतं, वाटायचं होतं. धान स्वतःच्याच परागाने फळतं. कुणीही मूठभर बी नेलं की वाण त्याचा. अशा शोधात बियाण्यावर मालकी सांगून उपयोग नसतो, कमाई असते ती नावात. ‘दादाजींच्या गावचा मूळ एचएमटी’ असा शिक्का मारून तांदूळ विकणारी एक छोटी सोसायटी १९९० साली असती तर? डीआरके हा स्वतःच्या आद्याक्षरांचा वाण त्यांनी पुढे काढला, म्हणजे नावाची किंमत त्यांना कळली होती. शिक्का मारणारी, पोती भरणारी, नागपूरच्या व्यापाऱ्याशी भाव करणारी माणसं त्यांच्या बाजूला नव्हती. हाउन्सफील्डच्या मागे निदान एक कंपनी होती.

डाळ आणि जीवामृत

विद्यापीठाच्या पदरात अपयशच टाकून निघून जाणं अन्यायाचं होईल. अकोला डाळीचं गाव. तुरीला तेल-पाणी लावणं, वाळवणं, भरडणं, पॉलिश करणं यांत इथल्या मिलवाल्यांच्या पिढ्या गेल्या, आणि अकोल्याची फटका डाळ बाहेर नावाने मागितली जाते. पण तूर पिकवणारा तूरच विकत होता आणि डाळ दुकानातून विकत आणत होता. विद्यापीठाच्या कापणीपश्चात अभियांत्रिकीच्या लोकांनी या मिलची लहान आवृत्ती बनवली, ती पीकेव्ही मिनी डाळ मिल. गावात बसेल, बचत गटाच्या बायांना चालवता येईल, आणि चुनी-टरफल गोठ्यातल्या जनावरांना घरच्या घरी मिळेल अशी. कारखाना विद्यापीठाने काढला नाही. यंत्र बनवणाऱ्यांशी करार केले, आराखडा दिला, फी घेतली. पीकेव्ही हे नाव यंत्रावर राहिलं. यात नवं विज्ञान फारसं नाही; मोठ्या मिलमधलंच ज्ञान लहान केलेलं आहे. तरीही हायब्रीड-२ ला जे जमलं नाही ते या यंत्राला जमलं, कारण फाटकापाशी उभा असलेला माणूस, म्हणजे यंत्र बनवून दारात आणून देणारा कारखानदार, त्याच्या फायद्यासकट सुरुवातीपासून हिशोबात धरला होता.

याच्या अगदी उलट टोकाला नैसर्गिक शेतीचा प्रचार करणारे अमरावतीचे सुभाष पाळेकर. गाव बेलोरा. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, एवढं एक एकराचं जीवामृत. कृती शिबिरात सांगायची, लोकांनी वहीत उतरवून घ्यायची. मालकी नाही, थैली नाही. २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली आणि आंध्र प्रदेश सरकारने तर पूर्ण राज्याचा कार्यक्रम आखला. कुंपणच नसल्याने ज्ञान किती वेगाने जातं ते इथे दिसतं. पण फुकटच्या ज्ञानाला तपासणारा कुणी नसतो, त्याची हमी देणाराही नसतो. राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने २०१९ मध्ये आक्षेप घेतला तेव्हा एका बाजूला प्रयोगांचे आकडे मागितले जात होते आणि दुसऱ्या बाजूला शेतकऱ्यांचे अनुभव सांगितले जात होते. थैलीवाल्या कंपनीला निदान मंजुरीसाठी तरी चाचण्या कराव्या लागतात.

नियम हाही शोधच

यंत्र आणि वाण यांच्या पलीकडचा एक शोध वऱ्हाडानेच देशाला दिला, त्याकडे कुणी शोध म्हणून पाहत नाही. कारंजा इथे १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेंसीच्या हुकमाने देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडाचा कापूस आणि धान्य बाजार कायदा आला: ठरलेली जागा, तपासलेली वजनं, परवानाधारक अडते, बाजार समिती. समितीवर व्यापाऱ्यांचाच वरचष्मा होता, हे खरं. तरीही १९२८ मध्ये शेतीविषयक शाही आयोगाने असे बाजार देशभर व्हावेत असं सुचवलं, तेव्हा डोळ्यासमोर वऱ्हाड होता. आजची प्रत्येक बाजार समिती या कल्पनेची वारस आहे, आणि तिच्यातले दोषही जवळपास तिथूनच आलेले.

नियम मागे पडला की काय होतं, ते अकोला जिल्ह्यातच पाहायला मिळतं. तणनाशक सोसणाऱ्या एचटीबीटी कपाशीला मंजुरी नाही. पण निंदणाला मजूर मिळत नाही, म्हणून ‘चोर बीटी’ गावोगाव विकली जाते, पावती नाही, हमी नाही. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी ते बियाणं सर्वांसमोर पेरलं. त्या बियाण्याच्या बाजूने असा किंवा विरोधात, एक गोष्ट मान्य करावी लागते: मंजुरीचं फाटक बंद होतं आणि बी आत येऊनही गेलं होतं. यात नुकसान सर्वांत जास्त कुणाचं? उगवलं नाही तर तक्रार कुठेच करता न येणाऱ्या कास्तकाराचं.

सध्या अकोल्याचं नाव वेगळ्या कारणाने चर्चेत आहे. कपाशी घट्ट लावायची, नव्वद सेंटीमीटरच्या ओळीत झाडांमधलं अंतर पंधरा सेंटीमीटर ठेवायचं आणि वाढ छाटून-रोखून झाडं बुटकी राखायची. केंद्राच्या बोलण्यात याला अकोला मॉडेल म्हणतात, आणि नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेच्या देखरेखीखाली २०२३ मध्ये त्यावर विशेष प्रकल्प सुरू झाला. पीक लवकर उरकतं, गुलाबी अळीला वेळ कमी मिळतो. पण नव्वद बाय साठवर एकरी साडेसात हजारांच्या आसपास झाडं बसत होती, ती आता जवळपास तीस हजारांवर जातात. ज्या एकराला दोन थैल्या पुरत होत्या तिथे पाच-सहा लागतात, म्हणजे २०२५च्या भावाने अठराशेच्या जागी साडेचार ते साडेपाच हजार, तेही पाऊस येईल की नाही हे कळायच्या आत.

सरळ वाण पेरला तर हा खर्च बराच खाली येतो, कारण सरकी घरची राखता येते. अकोल्याचा रजत आणि पीकेव्ही-०८१ हे सरळ वाण बीटी रूपात तयारही आहेत. त्यांची थैली भरून, शुद्धता सांभाळून, दर दोन-तीन वर्षांनी ताजं बी गावात पोचवायला मात्र कुणीतरी लागेल. थैली विकून नफा कमावणाऱ्या कंपनीला एकदा घेऊन पुढच्या जूनमध्ये न परतणारं गिऱ्हाईक नको असतं. महाबीज आहे, आणि तिवसा-आर्वीपर्यंत आता शेतकरी उत्पादक कंपन्याही निघाल्या आहेत. त्यांच्यापैकी कुणाला हे बियाणं विकून स्वतःचा खर्च कसा भागेल, याचा हिशोब अजून मांडायचा आहे.